पट्टी चांगल्या डोळ्याला

"ताई, पोरीचा डावा डोळा बघ जरा. शिळा वाटतोय."

हे बोलली ती मासळीबाजारातली बाई. तिच्या हातात सुरी होती, समोरच्या ओल्या फळीवर मी निवडलेला मासा होता आणि माझ्या छातीशी कापडी झोळीत माझी मुलगी होती, पाच आठवड्यांची. आम्ही तिला ठकी म्हणतो. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप नेमकी ठकीच्या तोंडावर पडली होती. बाई सुरी तशीच धरून वाकली, निरखून बघितलं आणि म्हणाली, "उजवा काळाभोर आहे. डाव्यात दूध सांडल्यासारखं दिसतंय. मी दिवसभर डोळेच बघते गं. दाखव कुणाला तरी."

माझ्यामागे चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. त्यातलं कुणीतरी हसलं. माझे कान तापले.

"मावशी, ही माझी मुलगी आहे. फळीवर ठेवायला आणलेली नाही," असं म्हणून मी तरातरा निघून आले. मासा साफ करून झाला होता, तोही तिथेच टाकला.

घरी येऊन आईला मी ही सगळी हकीकत नक्कल करून सांगितली. आई दोन गल्ल्या पलीकडे राहते, पण ठकी झाल्यापासून सकाळी सात वाजता आमच्या दारात हजर असायची. ती म्हणाली, काय जीभ आहे बाईची, आणि तान्ह्या बाळांच्या डोळ्यांचा रंग बसायला तीन महिने लागतात, तू कशाला मनाला लावून घेतेस. आईचं म्हणणं आमच्या घरात शेवटचं असतं. अठ्ठावीस वर्षं ती एका मोठ्या रुग्णालयाच्या ड्रेसिंगच्या खोलीत होती. अजूनही रस्त्यात माणसं तिला थांबवून पोटऱ्या आणि कोपर दाखवतात आणि म्हणतात, मावशी, तुमच्या हातची जखम बघा कशी भरली. नवऱ्याने ठकीला खिडकीशी नेऊन पाहिलं आणि दोन्ही डोळे सारखेच आहेत असा निकाल दिला. हा माणूस दोन रंगांचे मोजे घालून कामावर जातो.

पण खरं सांगायचं तर मी या दोघांच्या भरवशावर गप्प बसले नाही. मी बसले एका कागदाच्या भरवशावर. बाळंतपण झालं त्या दवाखान्यातून घरी सोडताना एक तक्ता दिला होता, बाळाच्या तपासणीचा. अकरा चौकटी. टाळू, कान, हृदय, नितंबाचे सांधे, असं करत सहावी चौकट डोळ्यांची. त्यात बरोबरची खूण होती. मी कपाट उघडून तो कागद पाहिला, खूण पाहिली, कागद परत ठेवला.

माझं काम काय आहे ते सांगते, म्हणजे माझा संताप कळेल. औषधांची खोकी छापतात त्या छापखान्यात मी तपासनीस आहे. पाचशेच्या जागी पन्नास पडलं, एखादा दशांशचिन्हाचा ठिपका पुसट आला, तर मी अख्खं मशीन थांबवते. मालकाच्या तोंडावर थांबवते. आणि माझ्या स्वतःच्या मुलीच्या कागदावरची खूण कशी केली आहे, हे मी पाहिलं नाही. ती मी सहा आठवड्यांनी पाहिली. अकरा खुणा नव्हत्याच त्या. वरपासून खालपर्यंत पेनाची एकच रेघ ओढलेली होती आणि शेवटी तिला बरोबरच्या खुणेसारखा बाक दिलेला होता. अकरा चौकटी, एक फराटा. ठकीच्या डोळ्यात उजेड टाकून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते अर्धं मिनिट कुणापाशी नव्हतं.

अकराव्या आठवड्यात मी तिला लसीसाठी नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने सुई देण्याआधी खोलीतले दिवे मालवले आणि बारीक दिव्याचं यंत्र ठकीच्या डोळ्यांसमोर धरलं. उजव्या बाहुलीतून लालसर उजेड परत आला, निखाऱ्यासारखा. डाव्यातून काहीच आलं नाही. नुसता करडा पडदा. त्याने तीनदा बघितलं. मग दिवे लावून विचारलं, हे याआधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं का.

मी म्हणाले, नाही.

खोटं बोलले. त्या खोटेपणाची मला आजही शिसारी येते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. उंच, केस पांढरे व्हायला लागलेल्या बाई, शब्द तोलूनमापून वापरणाऱ्या. म्हणाल्या, मोतीबिंदू आहे, जन्मापासूनचा. मला आधी हसूच आलं. मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो, असं मी म्हणाले. माझ्या आजोबांना झाला होता, वर्षभर ते आज-उद्या करत राहिले, शेवटी ऑपरेशन केलं आणि संध्याकाळी घरी येऊन वर्तमानपत्र मागितलं.

"म्हाताऱ्यांना थांबता येतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या आजोबांचा डोळा सत्तर वर्षं बघायला शिकलेला होता. हिचा अजून शाळेतच गेलेला नाही."

मग त्यांनी कागदावर एक डोळा काढला. काळ्या बाहुलीच्या मागे वालाच्या दाण्याएवढं एक भिंग असतं, पाण्यासारखं स्वच्छ. त्यातून उजेड आत जातो आणि मागच्या पडद्यावर चित्र उमटतं. ते भिंगच गढूळ झालं की मोतीबिंदू. डोळ्यावर वरून चढलेली ती साय नव्हे, की पुसून काढावी. कुठल्याही थेंबांनी ते विरघळत नाही, हेही त्यांनी बजावलं, कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एव्हाना तीन प्रकारचे थेंब सुचवलेले असणार, हे त्यांना ठाऊक होतं. चार सुचवले होते. उपाय एकच, ते गढूळ भिंग काढून टाकायचं. मोठ्या माणसाच्या डोळ्यात त्याच्या जागी लगेच कृत्रिम भिंग बसवतात. पण ठकीचा डोळा अजून वाढायचा होता, म्हणून तिला आत काही बसवणार नव्हते. वरून एक इवलीशी काँटॅक्ट लेन्स, आणि आतल्या भिंगाचं पुढे काही वर्षांनी बघू.

"एका डोळ्यातून चित्र स्पष्ट येतंय आणि दुसऱ्यातून येतच नाही," त्या म्हणाल्या, "तर मेंदू दुसऱ्याचं नाव पटावरून काढून टाकतो. एकदा काढलं की मग खिडकी कितीही स्वच्छ करा, आतून बघायला कुणी येत नाही. सहा आठवड्यांच्या आत आला असतात तर बरं झालं असतं."

पाचव्या आठवड्यात मला कळलेलं होतं. फळीवर मासा टाकून मी निघून आले होते.

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. एवढ्याशा जिवाला पूर्ण भूल. आई माझ्याशेजारी बाकावर बसली होती. अठ्ठावीस वर्षं तिने असल्या बाकांवरच्या माणसांना "होईल नीट, चहा घ्या" असं सांगितलं होतं. त्या दिवशी ती स्वतः बाकावर होती आणि तिचा रुमाल बोटांवर गुंडाळून पुन्हा सोडत होती, गुंडाळून पुन्हा सोडत होती, बँडेजची गुंडाळी करतात तशी. तासाभरात डॉक्टर बाहेर आल्या. सगळं ठीक झालं होतं. डाव्या डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार वाटी बसवलेली होती. आठवडाभर झोपताना ती ठेवायची, दिवसातून इतक्यांदा थेंब घालायचे. ते सगळं आईनेच केलं. मी घड्याळ बघून तिला वेळ सांगायची.

मग दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी मला आत बोलावलं. ठकी भुकेने किंचाळत होती, म्हणून आई तिला घेऊन बाहेर गेली. आत मी एकटीच. डॉक्टरांनी लेन्स घालायला आणि काढायला शिकवलं आणि म्हणाल्या, ऑपरेशन हे अर्धं काम होतं, आता उरलेलं तुमच्याकडे. चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावायची. बाळ जितक्या महिन्यांचं, तितके तास. चांगला डोळा झाकला की मेंदूला नाइलाजाने दुसऱ्याचं ऐकावं लागतं. हळूहळू तो ऐकायला लागतो. हे काही महिने, मग कमी-जास्त करत काही वर्षं.

मी सगळं वहीत लिहून घेतलं. घरी आल्यावर भिंतीवर तक्ता लावला. तारीख, पट्टी लावली किती वाजता, काढली किती वाजता, सही. माझी बाळंतपणाची रजा संपली होती. रोज सकाळी आठला मी अंड्याच्या आकाराची ती चिकटपट्टी ठकीच्या उजव्या डोळ्यावर लावायची, आईला सांगायची की अकराला काढ, आणि बस पकडायला धावायची. संध्याकाळी यायची तर पट्टी निघालेली असायची आणि तक्ता भरलेला असायचा. आईचं वळणदार अक्षर. एक दिवस चुकलेला नाही. कामावर सगळ्यांना मी अभिमानाने सांगायची, आमच्या आईसारखी शिस्त पाहिली नाही.

रविवारी मात्र आई स्वतःच्या घरी असायची आणि पट्टीचे तास माझ्या वाट्याला यायचे. ते तीन तास, पुढच्या महिन्यात चार तास, म्हणजे नुसता आकांत. ठकी रडायची, डोकं आपटायची, पट्टी ओरबाडायची, माझा गाल ओरबाडायची. मी गाणी म्हणायची, खुळखुळे वाजवायची, शेवटी स्वतःच रडायची. सोमवारी आईला सांगितलं की ती म्हणायची, माझ्याजवळ तर अगदी गुणी असते, पट्टी आहे की नाही कळत पण नाही तिला. तू फार धसका घेतेस, तो लेकराला कळतो.

मला ते इतकं लागायचं. नऊ महिने मी वागवलं, आणि पोर माझ्याच हातात कळवळते. मी चांगली आई नाही, अशी माझी खात्री होत चालली होती. नवऱ्याजवळ बोलले, तर तो म्हणाला, आईंकडे अनुभव आहे. या वाक्यावर आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

ठकी पाच महिन्यांची झाल्यावर मी अर्धी रजा टाकून तिला तपासणीला नेलं. डॉक्टरांनी तिचा डावा डोळा हाताने झाकला आणि लाल चेंडू फिरवला. ठकीने मान वळवून चेंडूचा पाठलाग केला. मग उजवा झाकला. ठकी हात झाडायला लागली. चेंडू इकडून तिकडे गेला, डावा डोळा कुठेतरी छताकडे तरंगत राहिला. डॉक्टरांनी पुन्हा केलं. मग खुर्चीत मागे टेकल्या.

पट्टी किती तास, असं विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, आधी तीन, मग चार, आता पाच. मोबाइलवर काढलेला तक्त्याचा फोटोही दाखवला.

"पट्टी लावल्यावर रडते?"

"माझ्याजवळ रडते. पण मी फक्त रविवारी असते. माझ्या आईजवळ अजिबात रडत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "रडायला हवी," त्या म्हणाल्या. "बघता येणारा एकुलता डोळा झाकलात तर कुठलंही मूल सुरुवातीला रडणारच. जे रडत नाही, त्याचं काही झाकलंच गेलेलं नाही. घरी पट्टी लागत नाहीये."

मी भडकले. इतकी की बाहेरची परिचारिका आत डोकावली. मी त्यांना म्हणाले, तुम्हाला काय माहीत आमच्या घरात काय चालतं, माझ्या आईने तुमच्याआधीपासून रुग्णालयात काम केलंय, तिच्या तोंडून खोटं यायचं नाही. ठकीच्या फाइलवर त्यांनी एक ओळ लिहिली आणि ती मला उलटी वाचता आली, कारण उलटी अक्षरं वाचणं हे माझं रोजचं काम आहे. लिहिलं होतं, पट्टीबाबत पालकांकडून हयगय.

हयगय.

बसमध्ये बसल्यावर ठकी माझ्या मांडीवर झोपली आणि खिडकीतून ऊन तिच्या चेहऱ्यावर आलं. तपासायची सवय म्हणा, किंवा त्या शब्दाने लावलेली आग म्हणा, मी तिचा चेहरा एखादं खोकं तपासावं तसा तपासला. रोज पाच तास डिंक चिकटतो तिथली कातडी लाल होते, थोडी खरखरीत होते. उजव्या डोळ्याभोवती अगदी फिकट कड होती. डाव्या डोळ्याभोवती ठसठशीत लाल अंडं उमटलेलं होतं. दोन महिने मी तिला रोज न्हाऊ घालत होते. ती लाली मी ऑपरेशनची समजत होते.

तरीही मला कळलं नाही. कळून घ्यायचं नव्हतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी आठला पट्टी लावली, पिशवी घेतली, आईला सांगितलं येते म्हणून, आणि जिना उतरून खालच्या पायरीवर बसले. वीस मिनिटं. मग वर गेले आणि किल्लीने दार उघडलं.

आई खिडकीत बसली होती. ठकी तिच्या मांडीवर, पाय नाचवत, उजव्या डोळ्याने बाहेरचे कावळे बघत खिदळत होती. पट्टी डाव्या डोळ्यावर होती. कडा नीट दाबलेल्या, एक सुरकुती नाही.

आई दचकली नाही. लपवलं पण नाही. म्हणाली, "काय विसरलीस?"

"आई, पट्टी कुठे आहे तिची?"

"आहे की लावलेली."

"मी उजव्याला लावून गेले होते."

"हो ना," आई म्हणाली, आणि आवाज अगदी मऊ होता, लहानपणी माझ्या पायातल्या उलट्यासुलट्या चपला बदलताना असायचा तसा. "रोजच चुकीच्या डोळ्याला लावतेस तू. तुला डावं-उजवं कधी कळलंय का? मी बदलते तू गेल्यावर. तुला बोलले नाही, आधीच सुकून अर्धी झालीयेस."

"रोज?"

"रोज."

मी तक्त्याकडे बघितलं. तारीख, लावली, काढली, सही. सगळं खरं होतं. तिने एक मिनिटाचंही खोटं लिहिलेलं नव्हतं. त्या तक्त्यात एकच रकाना नव्हता, कुठला डोळा. आणि तक्ता मी बनवला होता.

मग माझा तोल गेला. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तिच्या अठ्ठावीस वर्षांना बोलले. तिच्या गुणी बाळाला बोलले. म्हणाले, दोन महिने तू तिचा डोळा कोंडून ठेवलास आणि रोज माझ्याकडून शाबासकी घेतलीस. ठकी घाबरून रडायला लागली. आईचा चेहरा आधी गोंधळला, मग ताठ झाला.

"आवाज खाली कर. अठ्ठावीस वर्षं पट्ट्या बांधल्यात मी. जखम एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे, असं माझ्या हातून एकदाही झालं नाही. ऑपरेशन झालं कुठल्या डोळ्याचं? मग पट्टी कुठल्या डोळ्याला? त्याच डॉक्टरणीने पहिल्या आठवड्यात वाटी कुठल्या डोळ्याला बसवली होती?"

"ही जखमेची पट्टी नाही, आई."

"मग कसली?"

हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांच्या खोलीत ती नव्हती. ती बाहेर ठकीला बाटलीने दूध पाजत होती. मी वहीत लिहून घेतलं, तक्ता छापला, अकराला काढ म्हणाले आणि बसमागे धावले. 'का' हा शब्द मी घरात आणलाच नव्हता. शिकलेली मी. मला वाटलं, सांगायचं काय त्यात, ती तर रुग्णालयातली.

आईचा वाचायचा चष्मा टेबलावर होता. मी ठकीच्या मलमाच्या डबीत बोट घातलं, चष्म्याच्या एका काचेला जाड थर फासला आणि तिच्या नाकावर चढवला. वर्तमानपत्र समोर धरलं. वाच म्हणाले. तिने रागारागात दोन ओळी वाचल्या.

"कुठल्या डोळ्याने वाचलंस?"

"स्वच्छ काचेच्या. दुसऱ्या कुठल्या?"

"आणि दुसरा काय करतोय?"

"काय करणार? बसलाय."

"आता ही काच मी पुसली, तरी ठकीचा तो डोळा बसूनच राहतो. त्याला सवयच नाही. दुसरा सगळं काम उरकतो, मग हा कशाला उठेल?" मी तिच्या चांगल्या डोळ्यावर माझा तळवा ठेवला. "असं केलं तरच उठतो."

माझ्या हाताखाली आई स्थिर बसली. मलमाच्या काचेतून तिला काही दिसत नव्हतं. तिचा हात आपोआप पुढे आला आणि ठकीचा पाय शोधायला लागला. सापडला तसा तिने तो मुठीत धरला.

"म्हणजे मी..." ती म्हणाली. चष्मा काढून ठेवला, स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि बराच वेळ सोडूनच ठेवला.

मला तिच्यावर चिडून राहायचं होतं. खरंच राहायचं होतं. दवाखान्यातल्या त्या फराटा मारणाऱ्यावर चिडून काही उपयोग नव्हता, तो कोण ते कुणी सांगायलाच तयार नव्हतं. मी कागद घेऊन दोनदा तिथे जाऊन आले होते. काउंटरवरची बाई म्हणाली, तेव्हा दिसलं नसेल हो. मी म्हणाले, बघितलं असतं तर दिसलं असतं. तिने कागदाची प्रत काढून घेतली आणि साहेब बघतील म्हणाली. साहेब अजून बघतायत. निदान आई समोर होती, हाताशी होती, आणि चूक तिचीच होती. पण ठकी पाच महिन्यांची होती. चिडायला वेळ लागतो आणि आमच्याकडे तो उरलेला नव्हता.

आईने नळ बंद केला. बाहेर येऊन ठकीच्या डाव्या डोळ्यावरची पट्टी कोमट पाण्याने भिजवून उतरवली, नवी काढली आणि मला विचारलं, "उजव्याला ना?" मी हो म्हणाले. तिने लावली. मग ठकीने जो टाहो फोडला, तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. मी सवयीने तिला उचलायला धावले.

"तू कामाला जा," आई म्हणाली. "ड्रेसिंग करताना माणूस ओरडतोच. ओरडला म्हणून अर्ध्यात सोडलं तर जखम सडते. मला ऐकायची सवय आहे."

त्या दिवसापासून आमच्या घरात रोज पाच तास, आता सहा तास रडारड असते. आई ठकीला मांडीवर घेऊन बसते, तिच्या हातांत मऊ मोजे चढवते, डाव्या डोळ्यासमोर चमचा, किल्ल्या, डब्यांची झाकणं, जे चमकेल ते नाचवते. स्वतःचा आवाज चढू देत नाही. तक्त्यात तिने पेनाने एक नवा रकाना आखला आहे. त्यात रोज लिहिते, उजवा. फक्त खूण करत नाही, पूर्ण शब्द लिहिते. आमच्यात अजून धड बोलणं नाही. जेवणाचं, औषधाचं, बसचं तेवढं होतं. फाइलवरच्या त्या ओळीचं कळल्यावर एकदा मात्र ती म्हणाली की डॉक्टरांना सांग, हयगय तुझ्याकडून नव्हती. मी म्हणाले, होती.

महिन्याभराने मी मासळीबाजारात गेले. पट्टीच्या वेळातच गेले, ठकी झोळीत, उजवा डोळा झाकलेला, रडून रडून थकलेली. बाईने मला लगेच ओळखलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग पट्टीकडे, मग उघड्या डाव्या डोळ्याकडे बराच वेळ.

"साफ केलास," ती म्हणाली.

"उशिरा. तुम्ही सांगितलंत तेव्हा ऐकलं नाही."

मला माफी मागायची होती. वाक्य घरून तयार करून आणलं होतं. तिने मला बोलू दिलं नाही. फळीवर पाणी मारत म्हणाली, "तू तरातरा गेलीस, मी पण सोडून दिलं. म्हटलं, चिडली बाई, जाऊ दे. परत दिसली असतीस तर परत बोलायला हवं होतं मी. दोनदा आलीस तू नंतर, पलीकडच्या रांगेत. मी बघितलं तुला." मग विचारलं, "दिसेल का तिला त्यातून?"

"माहीत नाही. डॉक्टर पण सांगत नाहीत. थोडं येईल म्हणतात. किती ते नाही."

तिने टोपलीतून एक चांदीसारखा लखलखीत मासा शेपटीला धरून उचलला आणि उन्हात ठकीसमोर हळूच डावीकडून उजवीकडे नेला. ठकीचा डोळा तरंगला, छताकडे गेला, परत आला. मासा पुन्हा फिरला. आणि डोळा त्याच्या मागे गेला. तीन बोटं, फार तर चार. मग सुटला. पाण्याच्या थेंबांच्या आवाजाने वळला असेल, माशाच्या वासानेही वळला असेल. मी डॉक्टरांना हे सांगितलं तर त्या वहीत लिहिणार नाहीत. पण आम्ही दोघींनी बघितलं.

"गेला मागे," बाई म्हणाली, आणि मागच्या गिऱ्हाइकाला ओरडली की थांब जरा, मरत नाहीस.

आता तुम्हाला सांगते. तुमच्या घरात तान्हं बाळ असेल, तर हे मिटून ठेवा आणि उठा. त्याला उजेडात न्या आणि दोन्ही बाहुल्या बघा. दोन्ही सारख्या काळ्या हव्यात. एकीत करडं, पांढरं, दुधाळ काही दिसलं, किंवा नुसती शंका जरी आली, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. तुमच्याकडच्या कागदावर काय खुणा आहेत त्या बघू नका. पट्टी लावायला सांगितली असेल, तर बाळ ज्याच्या हाती सोपवून जाता, त्या माणसाला आज विचारा, कुठल्या डोळ्याला लावता आणि का लावता. 'का' नक्की विचारा.

आणि बाळ तुमच्या घरात नसेल, शेजारी असेल, बसमध्ये पुढच्या बाकावर असेल, तरी बघा आणि सांगा. त्याची आई चिडेल. चिडू दे. दुसऱ्या दिवशी परत जा आणि परत सांगा.